मोजून वाढलेलं ताट

दाण्याचं कूट नसलेली साबुदाण्याची खिचडी आपल्याकडे कुणी आवडीनं खात नाही. फिनाइलकिटोन्युरिया, म्हणजेच ‘पीकेयू’ असलेल्या मुलाला मात्र तशीच खिचडी चालते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. 30 ग्रॅम कुटात मात्र सुमारे साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्यातून पावणेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास फिनाइलअ‍ॅलानिन पोटात जातं. तीव्र पीकेयू असलेल्या कित्येक मुलांना अख्ख्या दिवसातही एवढं झेपत नाही.

प्रथिनांतलं हे अमिनो आम्ल पचवणारं यकृतातलं विकर या मुलांमध्ये काम करत नाही. त्यामुळे फिनाइलअ‍ॅलानिन रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. जन्मतः बाळ गुटगुटीत दिसतं. ते मागे पडतंय हे कळेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं आणि ते भरून येत नाही. नॉर्वेत 1934 साली डॉ. फोलिंग यांनी हा आजार ओळखला, तो दोन मुलांच्या आईनं पिच्छा पुरवला म्हणून. पुढं 1950च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये डॉ. बिकेल यांनी आहारानं तो आवरता येतो हे दाखवलं. पहिल्या काही आठवड्यांतच हा आहार सुरू झाला आणि नीट पाळला, तर मूल चारचौघांसारखं शाळेत जातं.

डाळ, दूध, पनीर, अंडी, मटण बंद. भात-पोळी वजन करून. उरलेली प्रथिनं फिनाइलअ‍ॅलानिन नसलेल्या खास पावडरीतून, दिवसातून तीन-चार वेळा. तिला उग्र वास येतो, मुलं तोंड फिरवतात. पण ती चुकवून चालत नाही, कारण मुलाची वाढ तिच्यावरच असते. फिनाइलअ‍ॅलानिन पूर्ण तोडणंही घातकच, थोडं शरीराला लागतंच. म्हणून आईचं दूधही डॉक्टरांच्या हिशेबानं देता येतं. गॅलेक्टोसेमिया या दुसऱ्या जन्मजात विकारात मात्र तेच दूध तत्काळ थांबवावं लागतं. त्यामुळे एका मुलाचा आहारतक्ता दुसऱ्याला कधीही लावू नये.

आजीच्या मायेनं दिलेला पेढा इथं नडतो, आणि तापातलं लंघन त्याहून जास्त. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि रक्तातली पातळी चढते. आजारपणातच या मुलांना पुरेशा कॅलरी मिळायला हव्यात.

केंद्राच्या 2021च्या दुर्मिळ आजार धोरणात खास आहारावर अवलंबून असलेले असे विकार आहेत. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. धोरणातल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता आणलेल्या खास आहारावरचं मूळ सीमाशुल्क एप्रिल 2023 पासून माफ आहे. पण ही मदत निदानानंतरची. प्रत्येक बाळाची अशा विकारांसाठी तपासणी आपल्याकडे अजून होत नाही, आणि माझ्या मते खरी उणीव तीच आहे.

घरात नात्यातलं लग्न असेल, आधीचं बाळ कारण न कळता दगावलं असेल, किंवा एका भावंडाला असा विकार असेल, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. आणि कुणाचंही बाळ असो, दवाखान्यातून घरी नेण्यापूर्वी एवढं जरूर विचारा: टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन नवजात तपासणी झाली का, आणि तिचा अहवाल कधी मिळेल?