शिशाची गोळी आणि पिस्तुलाची नळी

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. पिस्तुलात दारू जळते तेव्हा निर्माण होणाऱ्या वायूंचे तापमान याच्या कित्येक पट असते. मग ओतीव शिशाची गोळी नळीतच पाघळून का जात नाही? द्रवणांक शिकवताना एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला, तर त्याला फळ्यावर एक सोपे गणित घालावे. नळी १० सेंटिमीटर लांब आहे आणि बाहेर पडताना गोळीचा वेग सेकंदाला ३५० मीटर आहे. त्वरण सारखेच मानले तर सरासरी वेग १७५ मीटर येतो, आणि गोळी नळीत जेमतेम अर्धा मिलिसेकंद असते. एवढ्या वेळात उष्णता धातूत खोलवर शिरूच शकत नाही. मेणबत्तीच्या ज्योतीतून बोट झर्रकन फिरवले तर भाजत नाही, त्यातलाच हा प्रकार.

तरीही अशा गोळ्या झाडल्यावर नळीच्या आतल्या बाजूस शिशाचा थर साचलेला दिसतो, हे खरे आहे. नळीत सर्पिल खाचा असतात. गोळी त्यांत रुतते, स्वतःभोवती फिरू लागते आणि त्यामुळे सरळ जाते. गोळी नळीपेक्षा किंचित जरी बारीक असली तरी तप्त वायू फटीतून पुढे घुसतात. प्रेशर कुकरची रिंग एका ठिकाणी सैल झाली की तेथून वाफेचा कसा झोत निघतो ते आठवावे. असा झोत गोळीची कड कुरतडतो आणि ते शिसे पुढे नळीला चिकटते. म्हणून ओतीव गोळी नळीच्या व्यासापेक्षा इंचाचा सुमारे एक हजारांश भाग जाड ठेवतात आणि तिच्या अंगावरच्या खाचेत मेण व चरबीसारखे वंगण भरतात. वंगणाची ही गरज जुनीच आहे. १८५७ साली ज्या एनफील्ड काडतुसांवरून असंतोष भडकला, त्यांच्या कागदाला चरबी लावली होती ती गोळी नळीतून सहज सरकावी म्हणूनच.

शिसे मऊ म्हणून नळीला लागते, तेव्हा ते कठीण करावे, असे कोणालाही वाटेल. थोड्या प्रमाणात ते बरोबरही आहे. शुद्ध शिशाची ब्रिनेल कठिणता सुमारे ५ असते. त्यात अँटिमनी मिसळली की ती वाढते. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट पोचतो. छापखान्यातील खिळे याच तीन धातूंचे असत. लिनोटाइप यंत्राच्या मिश्रधातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे व त्याची कठिणता २२ च्या आसपास भरे. अमेरिकेत वृत्तपत्रांनी ही यंत्रे मोडीत काढली तेव्हा घरी गोळ्या ओतणाऱ्या हौशी नेमबाजांना हा धातू फार सोयीचा वाटला. पण कठिणपणाचीही मर्यादा आहे. मऊ गोळीचा तळ वायूच्या दाबाने किंचित फुगतो आणि फट आपोआप बुजते. फ्रान्सच्या मिनिएने १८४९ मध्ये आपल्या पोकळ तळाच्या गोळीत हीच युक्ती वापरली होती. फार कठीण गोळी फुगतच नाही. ती मुळात बारीक असेल, तर मऊ गोळीपेक्षाही जास्त शिसे नळीत सोडते!

अर्धस्वयंचलित पिस्तुलात अडचण आणखी वाढते. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतूस आपापल्या खणात बसलेले असते. दारू थोडी कमी भरून गोळी हळू सोडली तरी त्याचे काम अडत नाही. येथे मात्र काडतूस झाडल्याचा धक्का वरचा सरकता भाग मागे ढकलतो, रिकामे टरफल बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना तो भाग मॅगझिनमधले पुढचे काडतूस चढणीवरून नळीत लोटतो. धक्का कमी पडला तर हे चक्र मध्येच थांबते. शिवाय चढणीवर मऊ टोक खरवडते, शिशाचा कीस आणि वंगणाची काजळी साचते. शिशाला सौम्यपणा हवा, यंत्राला जोर! ०.४५ इंची काडतुसात गोळीचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर असतो, तेथे हे दोन्ही बऱ्यापैकी जमते. ९ मिलिमीटरच्या काडतुसात वेग ३५० मीटरच्या पुढे आणि दाब वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक चढू शकतो. तेथे मापात चूक चालत नाही. स्वित्झर्लंडच्या रुबिन यांनी १८८२ मध्ये गोळीला तांब्याचे कवच चढवले, ते अशा वाढत्या वेगांना तोंड देण्यासाठीच. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांच्या अनेक नळ्यांत तीक्ष्ण खाचांऐवजी गोलसर कडांची बहुकोनी रचना असते. तीत शिसे साचून वाट अरुंद झाली तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो, म्हणून उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत असे कंपनी सांगते.

नळी खरवडून साफ करता येते. शरीरातले शिसे असे निघत नाही. ते हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही. गोळ्या ओतणाऱ्याला मुख्य धोका असतो तो रसावरची मळी काढताना उडणाऱ्या भुकटीचा आणि न धुतलेल्या हातांचा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिसे वितळवून दाखवू नये ते याचसाठी. बंदिस्त नेमबाजी केंद्रांत तर हवाच शिशाने भरते. तांब्याचे कवच पुष्कळदा तळाशी उघडे असते आणि तेथून शिसे निघते. तळही झाकलेल्या गोळ्या आता मिळतात. मात्र काडतुसाच्या टोपीत ठिणगी पाडणारे लेड स्टिफ्नेट बहुतेक ठिकाणी अजून तेच आहे, आणि नाव सांगते त्याप्रमाणे त्यातही शिसेच असते.