पंचवीसपैकी आठ

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनात बाबांच्या छातीचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट आला तेव्हा बोर्डाचा निकाल पाहावा तसा घरातल्या सगळ्यांनी एकच आकडा शोधला. २५ पैकी ८! हुश्श. फाईल कपाटात गेली. त्याच कागदावर खाली एक ओळ होती, हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम दिसत असल्याची. ती दोन वर्षं कोणीच वाचली नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, स्कॅन फुप्फुसांचा, त्यात हृदय कुठून आलं? अहो, ते तिथेच असतं ना! एक्स-रेच्या वाटेत जे येईल ते सगळं मोजलं जातं. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो: पाणी ०, हवा उणे १०००, हाड काहीशेच्या वर. हे हाउन्सफील्ड युनिट. हा गॉडफ्रे हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हे, आपल्याच बिरादरीतला, इंजिनिअर! १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला विभागून मिळालं.

धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचतो आणि कालांतराने त्यात कॅल्शियम बसतं. ते एक्स-रे जास्त शोषतं, म्हणून पांढरं चमकतं. १९९० सालच्या ॲगॅटस्टन पद्धतीत १३० युनिटच्या वरचं कॅल्शियम धरतात. साध्या स्कॅनमध्ये धडधडतं हृदय चालू पंख्याच्या फोटोसारखं पुसट येतं. नेमका स्कोअर हवा तर ईसीजीशी जुळवून वेगळा स्कॅन करतात. पण कॅल्शियम आहे, एवढं बहुधा साध्यातही कळतं.

मात्र ब्लॉकेज किती, हे त्यावरून कळत नाही. आणि कॅल्शियम दिसलं नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, कारण मऊ थर या स्कॅनमध्ये सहसा दिसत नाही.

मुतखड्यासाठी पोटाचा स्कॅन केला तरी असंच काही सापडू शकतं. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. ती ३ किंवा जास्त भरली तर तो फुगवटा. दुखत-खुपत काही नाही, पण फुटला तर जिवावर बेततं. म्हणून लहान असताना सोनोग्राफीने त्यावर नजर ठेवतात.

२०२३ मध्ये मेडिक्लेमचे कागद शोधताना ती ओळ माझ्या नजरेस पडली. डॉक्टरांनी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासलं. कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं. छातीत दुखणं, दम लागणं काही नव्हतं, त्यामुळे अँजिओग्राफीची घाई केली नाही; गोळी सुरू झाली, तंबाखू बंद. दिवाळीला घरी गेलात की तुम्हीही ती जुनी फाईल एकदा काढा, आणि खालच्या ओळीपर्यंत वाचून डॉक्टरांना दाखवा.

बाबा आता रोज सकाळी चालायला जातात. परत आले की मला फोन, "माझी तंबाखू सुटली, तुझी सिगरेट कधी सुटणार?"