एलिसाबेथबाई कोरेन : एका पाद्रीणबाईचें दीर्घ आयुष्य

चरित्रें लिहिलीं जातात तीं बहुधा पराक्रमी पुरुषांचीं. राजे, सेनापति, वक्ते व ग्रंथकार यांच्या चरित्रांनीं कपाटें भरून जातात. परंतु ज्या स्त्रियांनीं एकाच लहानशा गांवीं साठ साठ वर्षें चूल सांभाळली, मुलें वाढविलीं आणि आल्यागेल्याच्या पानांत दोन घांस घातले, त्यांच्याविषयीं लिहूं म्हटलें तर साधनच सांपडत नाहीं. अशा एका बाईची रोजनिशी सुदैवानें शिल्लक राहिली आहे. बाई आपल्या देशाची नव्हे, धर्माचीहि नव्हे. तरी तिची हकीकत आमच्या वाचक-भगिनींस अगदींच परकी वाटणार नाहीं असें समजून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एलिसाबेथबाईंचा जन्म नॉर्वे देशांतील लार्विक या बंदराच्या गांवीं १८३२ सालीं झाला. वडील शाळामास्तर. (आम्ही स्वतः जन्मभर तोच धंदा केला असल्यामुळें ही गोष्ट वाचतांना थोडें बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.) नॉर्वे हा देश सोळाव्या शतकापासून ल्यूथरपंथी. मार्टिन ल्यूथर हा जर्मन संन्यासी १५१७ सालीं रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध उभा राहिला, आणि १५२५ सालीं त्यानें मठ सोडून आलेल्या कॅथरीना फॉन बोरा नांवाच्या जोगिणीशीं विवाह केला. तेव्हांपासून त्या पंथांत पाद्री म्हणजे गृहस्थाश्रमी मनुष्य, आणि त्याची पत्नी म्हणजे अर्ध्या गांवाची यजमानीण, असा प्रघात पडला. बाईंचा विवाह १८५३ सालीं उल्रिक विल्हेल्म कोरेन नांवाच्या अशाच एका तरुण धर्मोपदेशकाशीं झाला.

त्या काळीं नॉर्वेंतील शेतकऱ्यांचे तांडेच्या तांडे जमिनीच्या आशेनें अमेरिकेस जात होते. तेथें जमीन मिळाली, परंतु मुलाचें नांव ठेवावयास अथवा मेलेल्यास मूठमाती देतांना दोन शब्द बोलावयास पाद्री मिळेना. आयोवा प्रांतांतल्या अशा वसाहतवाल्यांनीं मायदेशाकडे मागणी केली व ती कोरेन यांनीं पतकरली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस कायमचा राहावयास गेलेला हा पहिलाच नॉर्वेजियन ल्यूथरपंथी पाद्री. लग्नास थोडेच दिवस झालेली एकवीस वर्षांची मुलगी त्याच्यामागून समुद्रापार निघाली, आणि निघतांना तिनें रोजनिशी लिहावयास घेतली.

१८५३ च्या नाताळाच्या सुमारास हें जोडपें डेकोरा गांवाजवळील वसाहतींत पोंचलें. पाद्रीघर अद्याप बांधावयाचें होतें. तेव्हां एग्गे नांवाच्या शेतकऱ्यानें त्यांस आपल्या घरांत घेतलें. घर म्हणजे लांकडाच्या ओंडक्यांची एकच खोली, सोळा फूट लांब व चौदा फूट रुंद. तींत एग्गे, त्याची बायको, त्यांचीं दोन मुलें, आणि आतां हीं दोघें. मध्यें चिटाचे पडदे टांगून एका खोलीच्या दोन केल्या; पडद्याआड दोन खाटा टोंकाला टोंक लावून ठेवल्या कीं घराची सगळी लांबी संपली. बाहेर आयोवाचा हिंवाळा.

आमच्या घरांतून दाटीचा अनुभव कोणास नाहीं? एका माजघरांत चार जावांचीं अंथरुणें पडलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. परंतु त्या दाटींत नात्याची ऊब तरी असते. येथें तीहि नव्हती. नॉर्वेंत शिकल्यासवरल्या अधिकारी वर्गाचें घर आणि शेतकऱ्याचें घर यांत मोठें अंतर असे. बोली निराळी, बसण्याउठण्याची रीत निराळी. तें अंतर या चिटाच्या पडद्याएवढें उरलें. बाई कुरकुरल्या नाहींत असें नाहीं. जेवणांत रोज खारविलेलें डुकराचें मांस, कधीं तळून, कधीं उकडून. त्या पदार्थाच्या नुसत्या नांवानें आमचे कांहीं वाचक कानांवर हात ठेवतील. पण ‘आज पुन्हां तेंच’ ही तक्रार कोणत्या घरांतली नाहीं? आणि तरीहि, ज्यांनीं आपल्या मुलांची अडचण करून आपणांस जागा दिली, त्यांची जाणीव बाईंनीं सोडली नाहीं.

पतीराज बहुतेक काळ घराबाहेर. ईशान्य आयोवा व त्यालगतचा मिनेसोटा एवढ्या विस्तारांत विखुरलेल्या वस्त्यांना हा एकटा उपदेशक. बर्फांतून कोठें बारसें, कोठें लग्न, कोठें अंत्यविधि. बाई मागें बसून वाट पाहात. घरचीं पत्रें येण्याची वाट, नवऱ्याच्या येण्याची वाट. हातीं काम नाहीं, कारण चूल दुसरीची. म्हणून लिहीत. रानांत फिरून आल्या कीं लिहीत, नवें फूल दिसलें तरी लिहीत.

पुढें १८५४ सालींच वॉशिंग्टन प्रेअरी येथें स्वतःचें, ओंडक्यांचें का होईना, पाद्रीघर उभें राहिलें. आणि १८५५ सालीं छापील रोजनिशी संपते.

या ठिकाणीं आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलों. यापुढें बाई त्रेसष्ट वर्षें जगल्या. मुलें झालीं, वाढलीं; जॉन नांवाचा मुलगा अमेरिकेंतील नामांकित संख्याशास्त्रज्ञ झाला. पाद्रीघर म्हणजे धर्मशाळाच. वाटसरू उपदेशक, आजारी शेजारी, तंटा घेऊन आलेले शेतकरी, सर्वांचें जाणें-येणें तेथें. पण त्या त्रेसष्ट वर्षांविषयीं वाचावयास मिळतें तें पतीचें. त्यांनीं १९१० पर्यंत सत्तावन वर्षें तीच गादी सांभाळली. १८९४ पासून ते साऱ्या नॉर्वेजियन सिनडचे अध्यक्ष होते. डेकोराला ल्यूथर कॉलेज १८६२ सालीं आलें त्यांत त्यांचा हात होता. ईश्वर कोणास तारणार हें आधींच ठरवितो काय, या वादानें १८८० नंतर ती मंडळी दुभंगली. त्यावर दोहों बाजूंनीं ढीगभर मजकूर लिहिला गेला. बाईंना मात्र वेळ नसावा. बाईंचें लिहिणें रिकामपणाच्या दोन वर्षांचें आहे. संसार भरला तेव्हां लेखणी थांबली. म्हणजे ज्या वर्षांनीं त्यांची योग्यता ठरावी, तींच नेमकीं कोरीं. आमच्या मातोश्रींचें तर हिशेबाच्या कपट्यावरचें अक्षरहि आमच्याजवळ नाहीं, म्हणून याची रुखरुख आम्हांस अधिक लागली असेल.

ज्या कॉलेजसाठीं पति झटले, तेथें मुलींना प्रवेश मिळावयास १९३६ साल उजाडावें लागलें.

१९१४ सालीं मुलांनीं आईची ती रोजनिशी व जुनीं पत्रें यांतील उतारे काढून नॉर्वेजियन भाषेंत छापलें. पति जाऊन चार वर्षें झालीं होतीं. ऐंशी उलटलेल्या वृद्धेनें आपलीच एकविसाव्या वर्षींची कुरकुर छापील अक्षरांत पाहिली असेल, तेव्हां तिला हंसूं आलें असेल कीं डोळे भरून आले असतील!

बाई १९१८ सालीं वारल्या. महायुद्धाचे दिवस. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोवाच्या गव्हर्नरानें हुकूम सोडला कीं, शाळेंत, सभेंत, रस्त्यावर, टेलिफोनवर, फार काय देवळांतील उपासनेंतहि, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलूं नये. रोख मुख्यतः जर्मन भाषेवर; परंतु सांपडल्या सर्वच. ज्या भाषेंत पतीनें सत्तावन वर्षें उपदेश केला, जिच्यांत बाईंनीं पडद्याआड बसून लिहिलें, ती त्यांच्याच देवळांत गुन्हा ठरली. परक्या राजाचा अंमल पाहिलेल्या आमच्या पिढीस या हुकमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. युद्ध थांबल्यावर डिसेंबरांत तो हुकूम मागें घेतला गेला.

भाषा पुढें ओसरलीच. १९५५ सालीं डेव्हिड नेल्सन यांनीं रोजनिशीचें इंग्रजी भाषांतर संपादून प्रसिद्ध केलें, तें पणजीची भाषा न येणाऱ्या पिढीच्या उपयोगीं पडलें. कॉलेजांतील १९२१ सालच्या ग्रंथालयाच्या इमारतीस कोरेन यांचें नांव मिळालें, तें अर्थात् पतीचें. एग्गेंची ती ओंडक्यांची खोली मात्र डेकोराच्या वेस्टरहाइम नांवाच्या संग्रहालयानें जपून ठेविली आहे. तिला एग्गे-कोरेन घर म्हणतात. घरमालकाचें नांव आधीं, पाहुण्यांचें मागून.