दोन रेणूंमधल्या फटीचा रंग

स्फटिकांचा शेजार : लेखांक ६

८ नोव्हेंबर १८९५च्या संध्याकाळी वुर्ट्सबुर्गमध्ये रंटगेन यांनी काळ्या पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या नळीतून वीज सोडली आणि बाजूला पडलेला एक कागद उजळला. गोष्ट शाळेतच वाचलेली असते. क्ष-किरण सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण कागदाला काय फासलं होतं हे कोणी विचारत नाही. मला त्या लेपाचंच कुतूहल जास्त. तो होता बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा, एका पिवळट-पोपटी मिठाचा.

हे मीठ पाण्यात विरघळवा. पाणी नितळ, बिनरंगी, चमकही गेली. पाणी आटू द्या, की स्फटिक पुन्हा पिवळे. मोरचुदाचं असं होत नाही. तो विरघळला तरी पाणी निळंच, कारण तिथे पाण्याने वेढलेला तांब्याचा प्रत्येक आयन आपापला निळा असतो. प्लॅटिनमच्या मिठात तसा स्वतःचा रंग असलेलं कोणीच नाही. मग स्फटिकात रंग येतो कुठून?

त्यातला मुख्य घटक बर्फीच्या वडीसारखा चौकोनी आणि सपाट आहे. मधोमध प्लॅटिनम, चार बाजूंना चार सायनाइड. वर-खाली मात्र काहीच जोडलेलं नाही, माथा आणि तळ उघडे. स्फटिकात या वड्या एकीवर एक चवडीसारख्या रचल्या जातात आणि प्लॅटिनमवर प्लॅटिनम येऊन सरळ रांग तयार होते. बेरियमच्या मिठात दोन प्लॅटिनममधलं अंतर सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम असतं. (सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम.) प्लॅटिनमच्या पत्र्यात शेजारचे अणू २.७७ वर असतात. एकमेकांशी काही देणंघेणं नसतं, तर ते साधारण साडेतीनवर थांबले असते. म्हणजे हे नातं बंधाइतकं घट्ट नाही, पण निव्वळ शेजारही म्हणवत नाही.

उघड्या माथ्यातळाशी प्लॅटिनमचा एक भरलेला कक्षक डोकावतो आणि नेमक्या त्याच दिशेला एक रिकामा कक्षकही असतो. एकट्या वडीत भरल्यातून रिकाम्यात उडी मारायला इलेक्ट्रॉनला अतिनील प्रकाश लागतो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून द्रावण बिनरंगी. चवड रचली, की शेजारचे भरलेले कक्षक एकमेकांना रेटतात आणि त्यांची वरची पातळी चढते. रिकामे एकमेकांत मिसळून त्यांची खालची पातळी उतरते. उडी लहान होते आणि दिसणाऱ्या प्रकाशातच भागते. रंग वडीचा नव्हे, दोन वड्यांमधल्या फटीचा.

फट बदलली की रंगही बदलतो. बेरियमच्या जागी मॅग्नेशियम घातलं, की अंतर ३.१५च्या आसपास येतं आणि स्फटिक लालभडक होतो, वर हिरवी धातूसारखी झाक. तापवून त्यातलं पाणी घालवलं, की तो लाल रंगही जातो.

आता एक अडचण. प्रत्येक वडीवर ऋण प्रभार आहे. एकमेकींपासून त्यांनी पळायला हवं. त्यांना बांधून ठेवतात ते चवडींच्या मधल्या जागेतले धन आयन आणि पाणी. पाण्याचे हायड्रोजन सायनाइडच्या टोकाच्या नायट्रोजनला धरतात. क्रमिक पुस्तकं यांना ‘दुर्बल बलं’ म्हणून दोन ओळींत उरकतात. इथे त्यांच्याशिवाय चवडच उभी राहत नाही.

हाइनरिख गुस्टाव माग्नुस यांनी १८२८ मध्ये केलेल्या हिरव्या मिठात ही अडचण नाही. त्यात धन वडीवर ऋण वडी, पुन्हा धन, असा क्रम असतो. धन वडीत चार अमोनिया, ऋण वडीत चार क्लोरीन. पहिलीचं द्रावण बिनरंगी, दुसरीचं लाल. दोन्ही एकत्र ओतली, की हिरवा साका तळाशी बसतो. रंगपंचमीच्या कुठल्याही हिशेबात न बसणारी ही बेरीज. आत प्लॅटिनम-प्लॅटिनम अंतर ३.२५ आणि अमोनियाच्या हायड्रोजनची शेजारच्या क्लोरीनशी पकड.

याच मिठाचं एक गुलाबी भावंडही आहे. घटक तेच, प्रमाणही तेच. १९५७ मध्ये आतोजी, रिचर्डसन आणि रंडल यांनी दोन्हींच्या रचनेचा छडा लावला. गुलाबी मिठात प्लॅटिनम पाच अँगस्ट्रॉमहून जास्त लांब होते. रांगच नाही, म्हणून ऋण वडीचा मूळचा लालसरपणा तेवढा उरला. हे मोजमाप झालं क्ष-किरणांनी, म्हणजे प्लॅटिनमच्याच एका चवडीने उघडकीला आणलेल्या किरणांनी.

पोटॅशियमच्या मिठात फट जवळजवळ साडेतीनची असते. त्यातले थोडे इलेक्ट्रॉन ब्रोमीनने काढून घेतले, की ती २.८८ वर येते, स्फटिक तांब्यासारखा चकाकतो आणि रांगेच्या दिशेने त्यातून वीज वाहू लागते. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.