गावातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शुक्रवारी संध्याकाळी उद्घाटन, रविवारी रात्री समारोप. एरवी गल्लाभरू सिनेमा लावणारं थिएटर तेवढे तीन दिवस जगभरच्या चित्रपटांना मिळतं. असे छोटे महोत्सव फिल्म सोसायट्या मोठ्या कष्टाने भरवतात. तरीही सिनेमावर मनापासून प्रेम करणारी कितीतरी माणसं "ते आपल्यासाठी नाही" म्हणून तिकडे फिरकत नाहीत. त्यांच्या मनातल्या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज: हे चित्रपट जाणकारांसाठी असतात.

वस्तुस्थिती: व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज'मध्ये (1948) भिंतींवर पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाची सायकल चोरीला जाते. ती नाही तर नोकरी नाही, म्हणून तो लहान मुलाला घेऊन रोमभर शोधत फिरतो. माजिद मजिदी यांच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये (1997) भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. पोटाची चिंता, घरची ओढाताण, बहीणभावाचं गुपित हे कळायला कुठलाही अभ्यासक्रम लागत नाही. जाणकारी पाहता पाहता येते.

गैरसमज: सगळेच चित्रपट संथ आणि रडके असतात.

वस्तुस्थिती: 1951 मध्ये व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार मिळवणारा अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' म्हणजे एका खुनाच्या चार परस्परविरोधी जबान्या. 2019 मध्ये कान महोत्सव जिंकणारा 'पॅरासाइट' आधी हसवतो आणि मग श्वास रोखायला लावतो. संथ चित्रपटही असतातच. थिएटरच्या अंधारात, फोन बाजूला ठेवून पाहिले, की तेही आपल्या गतीत ओढून घेतात.

गैरसमज: सबटायटल्स वाचण्यातच वेळ जातो.

वस्तुस्थिती: थोड्या वेळात डोळे सरावतात. खरी अडचण वेगळी आहे. सबटायटल्स बहुधा इंग्रजीत असतात आणि भराभर इंग्रजी वाचणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून आयोजकांनी प्रत्येक खेळाआधी मराठीत दोन मिनिटं कथासूत्र सांगावं. ही जबाबदारी त्यांची आहे, प्रेक्षकांची नव्हे.

गैरसमज: सेन्सॉर नसल्याने तिथे काहीही दाखवतात.

वस्तुस्थिती: सिनेमॅटोग्राफ कायदा, 1952 च्या कलम 9 नुसार केंद्र सरकारला प्रमाणपत्राच्या अटीतून सूट देता येते. महोत्सव त्याखाली रीतसर परवानगी घेतात.

गैरसमज: नंतर घरी ओटीटीवर बघू.

वस्तुस्थिती: महोत्सवातल्या अनेक चित्रपटांना भारतात वितरकच मिळत नाही. थिएटरकडे चित्रपटाची कुलूपबंद डिजिटल प्रत येते. तिची किल्लीही डिजिटल असते आणि ती ठरलेल्या सर्व्हरवर, ठरलेल्या मुदतीतच चालते. मुदत संपली की प्रत हाताशी असूनही खेळ लावता येत नाही. शनिवारी दुपारी चुकलेला चित्रपट म्हणूनच पुन्हा मोठ्या पडद्यावर दिसेल याची खात्री नसते.

गैरसमज: आपल्या सिनेमाशी याचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारी 1952 मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथे 'बायसिकल थीव्हज' पाहून बिमल रॉय भारावले. त्या प्रभावातून 1953 मध्ये 'दो बिघा जमीन' आला आणि जमीन वाचवण्यासाठी कोलकात्यात हातरिक्षा ओढणारा शंभू देशभर पोचला. मराठीचं नातं तर त्याहून जुनं. प्रभातचा 'संत तुकाराम' (1936) व्हेनिसमध्ये गौरवला गेला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने 2014 मध्ये तिथेच पुरस्कार पटकावले. 2025 मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला सनडान्समध्ये जागतिक कथापटांसाठीचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. आपल्या मातीतल्या गोष्टी परक्या प्रेक्षकांनी आपलेपणाने पाहिल्या. त्यांच्या गोष्टींना आपणही तेवढंच मन द्यायला हवं.

छोटे महोत्सव प्रतिनिधी शुल्कावर, देणग्यांवर आणि कार्यकर्त्यांच्या सुट्ट्यांवर चालतात. प्रेक्षक आले नाहीत, तर पुढच्या वर्षी थिएटर मिळवणंही अवघड होतं. वेळापत्रक हाती आलं की सगळंच पाहण्याचा हट्ट नको. एक ओळखीचा, एक अगदी अनोळखी देशाचा आणि एक मराठी, असे तीन चित्रपट निवडा. खेळानंतरच्या चर्चेला थांबा आणि काय आवडलं नाही तेही मोकळेपणाने बोला. महोत्सवाला तज्ज्ञांइतकीच अशा प्रेक्षकांची गरज आहे.