पैठणला एक दिवस आपल्यासाठी

मैत्रिणींनो, पाचोडच्या बाईला पैठण ठाऊक नाही असं कसं होईल? आपल्या तालुक्याचं गाव ते! पण आपण तिथे जातो कशाला? कुणाच्या दशक्रिया विधीला, कचेरीतल्या कागदासाठी, नाहीतर नाथषष्ठीच्या गर्दीत. काम उरकलं की धावतपळत बस गाठायची. इतक्या वर्षांत नाथसागराचं पाणी निवांत पाहिलेल्या आपल्यातल्या किती जणी निघतील?

हे गाव म्हणजे सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात ते भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. इथला माल गाड्यांवर लादून त्या बंदराला जाई. आपली वाट तर तासाभराची! शिवाय मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. लांबून येणाऱ्या बहिणीला मात्र कळवा, की पैठणला रेल्वे नाही. छत्रपती संभाजीनगरला उतरून बिडकीनमार्गे सुमारे 50 किलोमीटर बसने यावं लागतं.

सकाळची बस धरा आणि उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा. आधी गावातला नाथांचा वाडा पाहा. श्रीखंड्याने पाणी भरलं तो रांजण इथलाच म्हणतात. आल्यागेल्याला जेवू घालणाऱ्या गिरिजाबाईंची आठवण तर आपल्याला व्हायलाच हवी! मग नागघाट, आणि गोदाकाठी नाथांची समाधी.

दुपारी पैठणी विणणारे माग पाहा. घ्यायची नसली तरी पारख शिकून या. हातमागाच्या खऱ्या पैठणीचे काठ-पदर उलट बाजूनेही सुलटीसारखेच दिसतात, मागे सुटे धागे लोंबत नाहीत.

उन्हं उतरली की रिक्षाने धरणाकडे जा. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा. 1965 साली लालबहादुर शास्त्रींनी पायाभरणी केलेलं आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे धरण जवळजवळ 10 किलोमीटर लांब आहे. पायथ्याच्या ज्ञानेश्वर उद्यानात जायचं असेल तर ते उघडं आहे ना, याची गावातच चौकशी करा. हिवाळ्यात जलाशयावर परदेशी पाखरं उतरतात. 1986 पासून हे पक्ष्यांचं अभयारण्य आहे.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे. 27 दरवाजांपैकी काही उघडले तरी घाटावरचं पाणी बघता बघता चढतं. ऑगस्ट 2006 मध्ये तर गावातच पूर शिरला होता. पावसाळ्यात मुलांचा हात सोडू नका आणि शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसू नका.

बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि प्यायचं पाणी घ्या. आणि घरी सांगा, ‘पोळ्या डब्यात आहेत, भाजी झाकून ठेवलीय, मी संध्याकाळच्या बसने येते.’ एक दिवस घर चालतं हो!