दाखल्यावर सही करण्यापूर्वी

मार्चअखेर जवळ आली की अहिल्यानगरच्या आडते बाजारात, दाळमंडईत हिशेबांची घाई सुरू होते. नेमक्या याच दिवसांत एखाद्या दुकानी शाळेचा निरोप येतो : मुख्याध्यापकांनी भेटावयास बोलावले आहे. तिसरी-चौथीतला मुलगा बाकावर स्थिर बसत नाही, शेजाऱ्याची वही फाडतो, बाईंना उलट उत्तरे देतो, संतापाच्या भरात डबा भिरकावतो. वर्षभराच्या तक्रारींचा शेवट बहुधा एका सौम्य वाक्यात होतो. मुलाच्याच हितासाठी दुसरी शाळा पाहावी, असे सुचविले जाते. वडील ओशाळतात, अर्जावर सही करतात आणि दाखला घेऊन बाहेर पडतात. शाळेने मुलाला काढून टाकले, अशी नोंद कोठेच होत नाही. पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडली, एवढेच कागदावर उरते.

या सहीची किंमत पालकांच्या ध्यानात येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकास शाळेतून काढता येत नाही. कलम १७ शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई करते. पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना दिली. परंतु काढून टाकण्यावरील बंदी कायम राहिली. पालकाने स्वतःच दाखला मागितला, की हे संरक्षण त्याच्याच हाताने सुटते.

यात एक गुंता आहे आणि तो जैन समाजाच्या अगदी जवळचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्याची वाट मोकळी केली. तूर्त स्थिती अशी, की अल्पसंख्याक दर्जा घेतलेल्या समाजाच्याच शाळेत आपल्या मुलाला हे कवच मिळत नाही. अशा शाळांचे विश्वस्त पुष्कळदा याच बाजारपेठेतले असतात. लेखी मूल्यमापन झाल्याविना कोणाही बालकाला दाखला घ्यावयास सुचवू नये, असा ठराव करण्यास त्यांना कोणत्याही न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मात्र शासनमान्य अशा सर्वच शाळांनी समावेशक शिक्षण द्यावे, असे म्हणतो. त्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार त्यांत येतात. एडीएचडी या नावाने ओळखली जाणारी अतिचंचलता त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. म्हणून केवळ तेवढ्या निदानावर प्रमाणपत्र मिळेल, असे पालकांनी गृहीत धरू नये. मात्र अतिचंचल मुलांत अध्ययन अक्षमताही अनेकदा आढळते. तपासणी दोन्हींची करून घ्यावी. अध्ययन अक्षमता प्रमाणित झाली, तर पुढे दहावीला वाढीव वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. त्याहीआधी कान आणि डोळे तपासावेत. फळ्यावरचे न दिसणारे मूल वर्गात दंगा करते, ही गोष्ट वाटते त्याहून अधिक वेळा घडते.

तपासणीला घरातूनच विरोध होतो, हे लपविण्यात अर्थ नाही. घराण्याला नाव लागेल, पुढे सोयरीक जमताना अडचण येईल, ही भीती आजी-आजोबांच्या मनात खरोखर असते. ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु शाळा दोनदा-तीनदा बदललेली पेठेपासून लपत नाही, आणि प्रत्येक नव्या वर्गात मूल आधीच बदनाम होऊन प्रवेश करते.

पोतेभर डाळ उधार देताना वहीत नोंद करणारा व्यापारी शाळेशी मात्र सारा व्यवहार तोंडी करतो, हे नवलच. आईने दोन आठवडे टिपण ठेवावे : प्रसंग कोणत्या तासाला घडला, त्याआधी काय झाले, नंतर मूल कशाने शांत झाले. वर्गशिक्षिकेकडूनही हीच माहिती घ्यावी. पुष्कळदा असे दिसते की सारे प्रकार मधल्या सुटीनंतर अथवा लिहिण्याच्या लांब तासाला घडतात. हे टिपण डॉक्टरांना आणि मुख्याध्यापकांना, दोघांनाही उपयोगी पडते. शाळेला द्यावयाच्या अर्जात ‘मुलाला सांभाळून घ्यावे’ असे मोघम लिहू नये. पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना, लिहिण्याचे काम तुकड्यांत, दर तासाला पाणी पिण्यास वा फळा पुसण्यास उठण्याची मुभा आणि पालकांशी बोलणारे एकच ठरलेले शिक्षक, असे स्पष्ट मागावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. दीड महिन्यानंतरच्या भेटीची तारीख त्याच वेळी ठरवावी.

केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांनी विशेष शिक्षक नेमावा, अशी त्या मंडळाची अट आहे. त्यांचे नाव विचारण्यास संकोच नको. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची मदत पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रामार्फत मागता येते. उत्तरच आले नाही, तर तालुक्यात गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी आहेत. तेथेही तोच अर्ज, तीच पोच.

आणि भेटीला वडिलांनी स्वतः जावे. दुकान दोन तास मुनीमजींवर सोडता येते. आई एकटी गेली की ती रडत परतते आणि घरी तिचेच लाड काढले जातात, असा अनुभव कित्येक घरांत आहे.